ओळखीच्या नावानं आलेली फाइल

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गणित शिकवत. त्यांच्या वर्गात नियम नुसता पाठ म्हणून दाखवला तर शाबासकी मिळत नसे, तो का खरा आहे हे फळ्यावर सोडवून दाखवावं लागे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. म्हणून मीही आज एक नियम फळ्यावर घेतो. तुम्हा सगळ्यांना तो पाठ आहे: अनोळखी माणसाकडून आलेल्या ईमेलमधली अटॅचमेंट उघडू नये.

हा नियम खोटा नाही, अपुरा आहे. आणि अपुरा नियम जास्त त्रास देतो, कारण तो पाळणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत ईमेलमधून आलेल्या ज्या फाइलींनी जगभर हाहाकार केला, त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या फाइली ओळखीच्या माणसांच्या नावानं आल्या होत्या. उलट, अनोळखी माणसाची फाइल उघडणं हेच कितीतरी लोकांचं काम असतं. दिवाळी अंकाच्या संपादकाला विचारा. चार गावांहून चार अनोळखी कथालेखकांचे मेल येणार आणि त्यांनी जोडलेल्या वर्डच्या फाइली उघडाव्याच लागणार. त्यानं नियम पाळला तर अंक निघायचा नाही. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत काम करणाऱ्यांना २०१५च्या सुरुवातीला नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका नम्र उमेदवाराचा मेल आला होता: माझा बायोडेटा इथून उतरवून घ्यावा. तिथून झालेल्या शिरकावाचा शेवट फेब्रुवारी २०१६मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला जाण्यात झाला, हे पुढे अमेरिकेच्या न्यायखात्यानं आपल्या आरोपपत्रात तपशीलवार मांडलं. बायोडेटा वाचणं हा बँकेतल्या माणसाचा गुन्हा नव्हता.

तेव्हा ‘कोणाकडून आलं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि ‘काय आलं’ इथून सुरुवात करू.

ईमेलला फाइल जोडण्याची सोय मुळात नव्हती. मेल म्हणजे नुसता मजकूर, तोही इंग्रजी अक्षरांचा. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी १९९२मध्ये माइम नावाची पद्धत बसवली आणि चित्र, आवाज, कुठलीही फाइल मेलसोबत जाऊ लागली. त्या वर्षीच्या ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या पहिल्या अटॅचमेंटमध्ये त्यांच्या हौशी गायकमंडळाचा फोटो आणि गाणं होतं. सुरुवात इतकी निरागस.

त्याआधीही व्हायरस होते, पण ते फ्लॉपीतून फिरत. १९८६चा ‘ब्रेन’ लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता आणि तो इकडून तिकडे जायचा तो माणसाच्या खिशातून, म्हणजे एसटीच्या वेगानं. पुण्यातल्या काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली ती याच फ्लॉपीच्या काळात. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. आणि मराठी घरात अटॅचमेंट आली ती बहुतेक करून नातवंडांच्या फोटोंच्या रूपानं. मुलगा न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला, आजी-आजोबा ठाण्याला किंवा सांगलीला. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून फोटो उघडायचा, तो वरून खाली इंच इंच उमटताना बघायचा. अटॅचमेंट ही मायेची गोष्ट होती, तिच्याबद्दल संशय शिकवणार कोण?

आता ४ मे २०००, गुरुवार. फिलिपिन्सहून निघालेला एक मेल हाँगकाँग वगैरे आशियातल्या शहरांत पसरला आणि युरोपात कचेऱ्या उघडेपर्यंत तिकडे पोचला. विषयाच्या ओळीत तीनच शब्द, मधली जागा न सोडता: आयलव्हयू. आत एक ओळ, की मी पाठवलेलं प्रेमपत्र कृपया पाहावं. सोबत जोडलेल्या फाइलीचं नाव: लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस.

या नावापाशी थोडं थांबू, कारण पुढच्या पंचवीस वर्षांची फसवणूक या नावात आहे. फाइलीच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आपण शेपूट म्हणू. ही फाइल कोणत्या जातीची आहे हे विंडोज त्या शेवटच्या शेपटावरून ठरवतं. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम; दोनदा क्लिक केलं की तो चालू होतो. या फाइलीला दोन शेपटं होती आणि खरं होतं ते शेवटचं. पण विंडोजची मूळ रचना अशी, की ओळखीची शेपटं पडद्यावर दाखवायचीच नाहीत. दिसायला बरं दिसत नाही म्हणे! त्यामुळे लोकांना फाइल दिसली ती ‘टीएक्सटी’पर्यंतच. म्हणजे सावध माणसानं नाव नीट वाचलं असतं तरी त्याला मजकुराचीच फाइल दिसली असती.

पत्र आणि प्रोग्रॅम यांतला फरक मी असा सांगतो. पोस्टमननं आणलेलं पत्र तुम्ही वाचता आणि बाजूला ठेवता. पण पाकिटातून पत्राऐवजी एक माणूसच बाहेर आला, तुमच्या नावानं, तुमच्या अधिकारानं घरात फिरू लागला, कपाटं उघडू लागला, तर? प्रोग्रॅम म्हणजे तो माणूस. तुम्ही क्लिक केलंत म्हणजे तुम्हीच त्याला आत घेतलंत, असं संगणक धरून चालतो. त्यामुळे तुम्हाला जे जे करायची मुभा आहे ते ते सगळं त्याला करता येतं.

त्या दिवशी त्यानं काय केलं? आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधली पत्त्यांची वही उघडली आणि वहीतल्या प्रत्येकाला तुमच्या नावानं तेच प्रेमपत्र धाडलं. संगणकातल्या जेपीजी फाइली, म्हणजे फोटो, शोधले आणि त्यांच्या जागी स्वतःच्या प्रती लिहिल्या. गाण्यांच्या एमपीथ्री फाइली मात्र नुसत्या लपवल्या. शिवाय पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणायचा प्रयत्न केला. तीनेकशे ओळींच्या त्या फाइलीनं ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली मेलव्यवस्था बंद ठेवायला लावली.

आणि ज्याला ज्याला ते पत्र आलं, त्याला ते आलं साहेबाकडून, सहकाऱ्याकडून, भावाकडून, जुन्या मैत्रिणीकडून. अनोळखी माणसाकडून कुणालाच आलं नाही! वही ओळखीच्यांचीच असते. फळ्यावरचा आपला नियम इथं पुसला जातो.

हे लिहिणारा ओनेल द गुझमान हा मनिलाच्या एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. इंटरनेटचे पासवर्ड कसे मिळवावेत, असा प्रबंधाचा विषय त्यानं दिला होता आणि कॉलेजनं तो नाकारला होता. त्याला शिक्षा झाली नाही, कारण फिलिपिन्समध्ये तोवर असा कायदाच नव्हता. कायदा झाला जूनमध्ये, आणि मागच्या तारखेच्या कृत्याला तो लागू होईना, म्हणून ऑगस्टमध्ये खटला सोडून द्यावा लागला. आपणही फार पुढे नव्हतो. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला १७ ऑक्टोबर २०००ला. पुढे ब्रिटिश पत्रकार जेफ व्हाइट यांनी द गुझमानला शोधून काढलं तेव्हा तो मनिलाच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचा छोटा गाळा चालवत होता. फाइल आपणच लिहिल्याची कबुली त्यानं दिली. जग हलवणाऱ्याचं पुढे काय होतं याची उत्सुकता आपल्याला असतेच, म्हणून एवढं सांगितलं.

‘आयलव्हयू’च्या एक वर्ष आधी, २६ मार्च १९९९ला, ‘मेलिसा’ आली होती. तिचं महत्त्व वेगळं, कारण ती उघड प्रोग्रॅम नव्हती, वर्डची फाइल होती. म्हणजे मी मघाशी सांगितलेला पत्र आणि प्रोग्रॅम यांतला फरक तिनं पुसून टाकला. वर्ड आणि एक्सेलच्या फाइलीत मॅक्रो नावाची छोटी आज्ञावली लपवता येते. मूळ हेतू चांगला, हिशेबनिसाचं तेच तेच काम वाचावं. मेलिसातला मॅक्रो फाइल उघडताच चालू व्हायचा आणि वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना मेल पाठवायचा: ‘तुम्ही मागितलेलं कागदपत्र सोबत आहे, इतर कुणाला दाखवू नका.’ लिहिणारा न्यू जर्सीचा डेव्हिड स्मिथ, त्याला वीस महिन्यांची कैद झाली.

मॅक्रोचं हे दार मायक्रोसॉफ्टनं नंतर लोटून ठेवलं, बंद मात्र केलं नाही. मॅक्रो चालण्यापूर्वी एक पिवळी पट्टी यायची आणि पट्टीवर बटण, ‘एनेबल कंटेंट’. मग चोरट्यांनी काय करावं? फाइलीत एक चित्र टाकलं आणि चित्रात लिहिलं की हे कागदपत्र जुन्या आवृत्तीत तयार झालं आहे, पाहण्यासाठी वरचं पिवळं बटण दाबा. लोक दाबत राहिले. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो आपणहून रोखण्याचं ठरलं २०२२मध्ये. त्यातही जुलैमध्ये तक्रारी आल्या म्हणून निर्णय मागे घेतला आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केला. मेलिसापासून २३ वर्षं! इतकी वर्षं सगळा दोष क्लिक करणाऱ्यावर टाकला गेला. सदोष कडी बसवणाऱ्यानं घरमालकाला बेफिकीर म्हणावं, हे मला मान्य नाही.

या मधल्या काळातला सर्वांत पाताळयंत्री प्रकार म्हणजे ‘एमोटेट’. २०१४मध्ये बँकांचे तपशील चोरण्यासाठी तो निघाला. पुढे त्यानं जी युक्ती केली तिच्यासाठी मी आजचा विषय निवडला, असं म्हटलं तरी चालेल. एखाद्याच्या संगणकात शिरल्यावर तो त्याचा जुना पत्रव्यवहार उचलायचा. समजा, तुम्ही आणि तुमचे चार्टर्ड अकाउंटंट यांच्यात गेल्या महिन्यात विवरणपत्राबद्दल चार मेल झाले. तर त्याच संभाषणाला उत्तर म्हणून, त्याच विषयाच्या ओळीखाली, खाली तुमचा स्वतःचा जुना मजकूर जसाच्या तसा ठेवून मेल येणार: ‘सुधारित प्रत सोबत जोडली आहे.’ यात व्याकरणाच्या चुका नाहीत, लॉटरी नाही, नायजेरियाचा राजपुत्र नाही. ‘ओळखीचा माणूस’, ‘अपेक्षित विषय’, ‘चालू संभाषण’ या तिन्ही खुणा पटतात. २७ जानेवारी २०२१ला युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या पुढाकारानं आठ देशांच्या पोलिसांनी त्याचं जाळं ताब्यात घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत आला.

मॅक्रो बंद झाल्यावर चोरांनी वाटा बदलल्या. आयएसओ नावाच्या, सीडीची प्रतिकृती असलेल्या फाइली आल्या, एलएनके म्हणजे शॉर्टकट आले, २०२३च्या सुरुवातीला वननोटच्या वह्या आल्या. ही नावं लक्षात ठेवू नका, उद्या बदलतील. लक्षात ठेवायचं ते इतकंच की घरच्या माणसाला मेलमधून येणाऱ्या खऱ्या गोष्टींच्या जाती मोजक्याच असतात: फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल. याबाहेरचं काहीही आलं तर ते तुमच्या कामाचं नाही, असं धरून चालायला हरकत नाही. ईएक्सई, जेएस, व्हीबीएस, एससीआर ही शेपटं असलेली फाइल कुठल्याच मावशीनं कुठल्याच भाचीला आजवर प्रेमानं पाठवलेली नाही. जीमेल तर ईएक्सई कधीपासूनच नाकारतं, २०१७पासून जेएसही नाकारतं. म्हणून चोर ती झिपमध्ये बांधतात, झिपला कुलूप लावतात आणि पासवर्ड मेलच्या मजकुरात लिहितात. कुलूप असलं की तपासणाऱ्या यंत्राला आत पाहता येत नाही. पासवर्ड मेलमध्येच लिहिलेली कुलूपबंद झिप हे मी तरी फाइल न उघडण्याचं पुरेसं कारण मानतो.

आणि इथं आपल्या देशातल्या संस्थांना दोन शब्द सुनावायलाच हवेत. बँका दर महिन्याला पासवर्ड लावलेली पीडीएफ पाठवतात. आयकर खात्याची सूचना येते तिचा पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. हेतू गुप्ततेचा, ठीक आहे. पण परिणाम काय झाला? मेल आला, फाइल जोडलेली दिसली, ती उघडायची, चौकट आली की आपली ओळख सांगणारी माहिती तिच्यात टाइप करायची, ही सवय कोट्यवधी लोकांना अधिकृतपणे लावली गेली. मग कुणी आयकराच्या परताव्याची म्हणून एचटीएमएल फाइल पाठवतो, ती ब्राउझरमध्ये उघडते, हुबेहूब बँकेसारखं पान दिसतं, आणि माणूस सवयीनं सगळं भरून मोकळा होतो. या फाइलीत व्हायरस नसतोच. नुसता खोटा अर्ज असतो. अँटिव्हायरस गप्प बसतो, कारण त्याच्या दृष्टीनं काही घडलेलंच नाही. परतावा असो वा नोटीस, ती आहे की नाही हे आयकराच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून, आपल्या खात्यात जाऊन पाहता येतं. मेलमधल्या फाइलीची त्यासाठी गरज नाही.

मधेच एक गैरसमज दूर करतो. मे २०१७चा ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम ईमेलमधून पसरला असं अजूनही व्याख्यानांतून सांगितलं जातं. तो पसरला विंडोजमधल्या एका भोकातून, कुणी काही क्लिक न करता, आणि ते भोक बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. म्हणजे नुसतं क्लिक टाळूनही भागत नाही, संगणक अद्ययावतही ठेवावा लागतो. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आपल्याकडे घरोघरी तीच आहे, आणि ‘चालतंय ना, मग कशाला’ हे आपलं ठरलेलं उत्तर. त्या संगणकावर बँकेचं काम करत असाल तर मी म्हणेन, एक तर नवीन आवृत्ती घाला, नाही तर बँकेचं काम तिथून काढा.

आता घरी काय करावं. मी उपदेशाच्या लांब याद्यांच्या विरुद्ध आहे, कारण वीस गोष्टी सांगितल्या की माणूस एकही करत नाही.

पहिलं, फाइलींची शेपटं दिसू द्या. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि त्याखाली ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’, तिथं खूण करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. यातही पळवाट आहे, तीही सांगतो. अरबी, उर्दू, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यासाठी अक्षरसंचात एक अदृश्य खूण आहे. ती नावाच्या मध्यात घातली की पुढची अक्षरं उलटी दिसतात आणि ईएक्सईनं संपणारं नाव पडद्यावर डॉकनं संपल्यासारखं वाटतं. म्हणून नावाशेजारच्या ‘टाइप’ या रकान्यात विंडोज काय म्हणतंय ते वाचा. तिथं ‘अ‍ॅप्लिकेशन’ असेल तर तो प्रोग्रॅम, नाव काहीही असो. चिन्ह पाहून फसू नका. पीडीएफचं लाल चिन्ह कुणालाही चिकटवता येतं.

दुसरं, फाइल संगणकावर उतरवण्याआधी मेलच्या खिडकीतच पाहा. जीमेल, आउटलुक यांत वर्डची, पीडीएफची फाइल जागेवर उघडून दाखवायची सोय आहे. तेव्हा ती उघडली जाते कंपनीच्या यंत्रावर, तुमच्यापर्यंत येतं ते तिचं रूप. मॅक्रो तिथं चालत नाही. मघाच्या दिवाळी अंकाच्या संपादकाला मी हेच सांगेन: कथा आधी ब्राउझरमध्ये वाचा, आवडली तरच उतरवून घ्या. नावडत्या कथांपासून दुहेरी बचाव होतो. आत एखादी लिंक असली तर मात्र ती इथूनही बाहेर नेते, तेवढं भान ठेवायचं.

शंका आली तर विचारावं कुणाला? ज्याच्या नावानं मेल आला त्यालाच, पण फोनवर, आणि नंबर आपल्याकडे आधीपासून असलेला. मेलला उत्तर देऊन विचारू नये. खातंच चोराच्या ताब्यात असेल तर ‘हो, मीच पाठवलंय’ असं उत्तर चोरच देईल. काही मंडळी फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर टाकून तपासतात. सोय चांगली आहे, अनेक अँटिव्हायरस एकदम तपासून देतात. पण तिथं टाकलेल्या फाइली तपासणाऱ्या अनेक कंपन्यांपर्यंत जातात. घराचं खरेदीखत, वैद्यकीय अहवाल असलं काही तिथं टाकू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इथपर्यंत जे बोललो ते क्लिक टाळण्याविषयी. पण पन्नास मेल येणाऱ्या घरात कधी ना कधी, कुणी ना कुणी, घाईत, तापात, लग्नाच्या धावपळीत चुकीची फाइल उघडणारच. प्रश्न असा, की त्या एका क्लिकची किंमत एक दुपार असावी की वीस वर्षांचे फोटो?

संगणक घेताना दुकानदारानं जे खातं उघडून दिलं, ते बहुधा प्रशासकाचं असतं, सर्वाधिकारी. घरातले सगळे तेच वापरतात. नातू त्यावर खेळ उतरवतो, त्यावरच आजोबा मुदत ठेवींचे हिशेब ठेवतात. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळं, ‘स्टँडर्ड’ दर्जाचं खातं करून द्या. प्रशासकाचं खातं पासवर्ड लावून बाजूला ठेवा, काही नवीन बसवायचं असेल तेव्हाच ते लागतं. मग नातवाच्या खात्यातून शिरलेल्या फाइलीला आजोबांच्या फोल्डरमध्ये सहज हात घालता येत नाही. पण ज्याच्या खात्यात ती उघडली, त्याच्या स्वतःच्या फाइली तरीही धोक्यातच असतात. खंडणीखोर प्रोग्रॅम त्या कुलूपबंद करू शकतो.

त्यावर उपाय म्हणजे प्रत, आणि ती संगणकापासून तोडलेली. बाहेरची हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, फोटो आणि कागदपत्रं तिच्यात उतरवायची, आणि काढून कपाटात ठेवायची. बरेच जण डिस्क घेतात आणि कायमची जोडूनच ठेवतात. खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरही चालतो, तेव्हा ती प्रत असून नसल्यासारखीच.

चौथं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. आजकाल मेलमधून येणाऱ्या बऱ्याच फाइलींना फोटोंशी काही देणंघेणं नसतं. त्या गुपचूप येतात, ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा गोळा करतात आणि निघून जातात. संगणक हळू होत नाही, पडद्यावर कवटी येत नाही. म्हणून बँकेचा आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देऊ नये, आणि ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी. ईमेल गेला की बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याची किल्लीच गेली.

अँटिव्हायरसबद्दल हमखास विचारलं जातं. विंडोजमध्ये आता स्वतःचा चांगला अँटिव्हायरस आहे, तो चालू ठेवला आणि अद्ययावत राहिला तर घरच्या कामाला पुरतो. विकत घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण एक काय तो घ्या. दोन बसवले की ते एकमेकांशीच भांडतात. आणि तो घेतला म्हणून चोरीचं सॉफ्टवेअर बसवायला मोकळे झालो, असं समजू नका. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ फाइलीही रोग आणतात, आणि त्या चालाव्यात म्हणून अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यांच्याबरोबर लिहूनच येते! आपण ती इमानेइतबारे पाळतो.

फाइल उघडलीच तर? वायफाय बंद करा किंवा तार काढा. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला, आणि ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ हा पर्याय वापरा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७पासून संगणक साफ करणारी साधनं विनामूल्य देतं. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी भरू नका, आधी ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर पाहा. डच पोलीस आणि युरोपोल यांनी काही कंपन्यांबरोबर ते २०१६मध्ये सुरू केलं, आणि बऱ्याच प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. ज्यांना तुमच्या नावानं मेल गेले असतील त्यांना फोन करून सांगा. यात संकोच कसला?

संकोच असतो, हे मला ठाऊक आहे. ज्येष्ठ नागरिकांना संगणक शिकवायला मी जातो तिथं हेच दिसतं. फसलेला माणूस सर्वांत आधी ही गोष्ट घरच्यांपासून लपवतो. मुलगा ओरडेल, सून हसेल, संगणकाला हात लावू देणार नाहीत. या लपवण्यात दोन दिवस जातात आणि चोराला तेवढेच हवे असतात. तरुण मंडळींना म्हणून माझं सांगणं आहे: बाबांना ‘तुम्हाला कितीदा सांगितलं’ हे वाक्य ऐकवू नका. ज्या युक्तीनं ब्रिटनच्या पार्लमेंटची मेलव्यवस्था बंद पाडली, तिला तुमचे वडील फसले तर त्यांचं अज्ञान सिद्ध होत नाही. ‘काही गडबड वाटली तर रात्री दोनलाही फोन करा, मी रागावणार नाही’ एवढं एकदा सांगून ठेवा. कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, हा माझा अनुभव आहे.

आज घरी गेल्यावर फाइलींची शेपटं दिसू देणारी ती एक खूण करा, आणि येत्या रविवारी फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती कपाटात ठेवा. ज्यांना हे स्वतः जमणार नाही त्यांनी व्याख्यान संपल्यावर मागच्या टेबलाजवळ यावं, मी साडेआठपर्यंत आहे.